न हलणारं बेट

“पोतदार, इथं सही करा.”

राजाध्यक्ष सरांनी कागद माझ्याकडे सरकवला आणि वर स्वतःचं पेनही दिलं. अकरा वर्षांत त्यांनी मला बसायला खुर्ची दिली नव्हती, त्यामुळे त्या पेनाचाच मला आधी संशय आला. मी उभ्याउभ्याच कागद वाचला. मजकूर इंग्रजीत होता, पण आपल्या नावावर काय खपवलं जातंय एवढं कळण्यापुरतं इंग्रजी मला येतं. प्लॅटिनमच्या स्फटिकाला पॉलिश करताना माझ्याकडून हयगय झाली, त्यामुळे पृष्ठभागावर एक खड्डा राहिला, आणि तोच खड्डा कॅमेऱ्यात ठिपका होऊन दिसला. ही चूक मला मान्य आहे. खाली माझं नाव: ए. बी. पोतदार, टेक्निशियन.

“हे कुणी लिहिलं?” मी विचारलं.

“कुणी लिहिलं त्याला महत्त्व नाही. गुरुवारी समिती येतेय. त्याआधी हे फाईलला लागलं पाहिजे.”

“खड्डा नव्हता, सर.”

“असेल हो. माणसाच्या हातून होतं कधीकधी.”

“माझ्या हातून झालेला नाही.”

सर हसले. त्यांचं ते हसणं मला पहिल्या दिवसापासून डोक्यात जायचं. समोरच्याला काही कळत नाही आणि त्यात त्याचा बिचाऱ्याचा दोष नाही, असं ते हसायचे. त्यांनी खण उघडला आणि एक गुलाबी फाईल काढून टेबलावर ठेवली. वर माझंच नाव होतं.

“तुम्हाला कायम करायचा प्रस्ताव,” ते म्हणाले. “सत्तावीस तारखेला बैठक आहे. त्यानंतर तुम्ही वयात बसत नाही. माझी शिफारस लागते. एक बारीकशी चूक कबूल केली म्हणून तुम्हाला कुणी काढणार नाही, उलट प्रांजळ माणूस आहे असं मीच लिहीन. पण अडून बसलात, तर मला काही करता येणार नाही.”

मी म्हणालो, “दोन दिवस द्या.”

“गुरुवारपर्यंत,” सर म्हणाले आणि पेन परत घेतलं.

मी मूळचा हुपरीचा. चांदीच्या पैंजणांचं गाव. पॉलिशच्या कामावर मी वयाच्या तेराव्या वर्षी बसलो आणि एकतिसाव्या वर्षी पुण्यातल्या या संस्थेत आलो. जाहिरातीत ‘धातूच्या पॉलिशचा अनुभव’ एवढंच मागितलं होतं. मुलाखतीत मला प्लॅटिनमची एक चकती दिली, शर्टाच्या बटणाएवढी. आम्ही पुढे तिला टिकली म्हणायला लागलो. चार दिवसांनी मी ती परत दिली तेव्हा दोन साहेब एकमेकांकडे बघत राहिले. टिकलीला आधी बारीक कागद, मग हिऱ्याच्या भुकटीची पेस्ट, मग त्याहून बारीक पेस्ट, आणि शेवटी मखमलीच्या कापडावर नुसता हात. झाली की छताच्या ट्यूबलाईटखाली धरायची. ट्यूबची रेघ टिकलीत कुठे म्हणजे कुठे थरथरता कामा नये. थरथरली की परत पहिल्या कागदापासून सुरू. मी माझ्या बायकोला एवढं जपलं नसेल.

आणि या संस्थेनं मला काय दिलं? दर एकशे एकोणऐंशी दिवसांनी एक दिवस घरी बसवायचे आणि दुसऱ्या दिवशी नवीन माणूस म्हणून परत घ्यायचे, म्हणजे सलग नोकरी दाखवून मी हक्क सांगायला नको. बावीस वेळा मी या संस्थेत नवीन माणूस म्हणून रुजू झालो होतो. कायम होणं म्हणजे माझ्यासाठी काय होतं हे आणखी सांगायची गरज नाही. तरी खरं सांगतो, त्या दिवशी जिना उतरताना माझ्या डोक्यात फाईल नव्हती. खड्डा होता. माझ्या टिकलीवर खड्डा म्हणे!

तळमजल्यावरच्या लॅबमध्ये बोरसे मॅडम एकट्याच होत्या. सुलक्षणा बोरसे, धुळ्याच्या. वडील एसटीत कंडक्टर. पीएच.डी.चं पाचवं वर्ष चालू होतं आणि प्रबंध जवळजवळ लिहून झाला होता. त्याही तापट, मीही तापट. आमची भांडणं आठवड्याला एक या हिशेबानं व्हायची आणि त्यानंतर चहाला आम्ही बरोबरच जायचो. मला त्या काका म्हणायच्या.

“माझ्या पॉलिशला खड्डा पडलाय म्हणे!” मी दारातूनच ओरडलो. “सही मागतोय तुमचा गुरू. थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं मला.”

त्यांनी कॉम्प्युटरवरची मान वर केली नाही. म्हणाल्या, “मला वाटलंच होतं, काका. माझ्यावर ढकलतील असं वाटत होतं. तुम्ही आधी सापडलात.”

“म्हणजे? तुम्हाला ठावं हाय ते बेट कशाचं हाय?”

“दार लावा,” त्या म्हणाल्या.

त्या बेटाविषयी थोडं सांगायला हवं. आमचं यंत्र म्हणजे एक स्टीलचं भांडं, आतली हवा काढून टाकलेलं, त्याला काचेच्या खिडक्या. आत टिकली. एका खिडकीतून तिरपा प्रकाश टिकलीवर टाकायचा आणि दुसऱ्या खिडकीतून परत आलेला कॅमेऱ्यात धरायचा. मग आत दोन वायू सोडायचे, कार्बन मोनॉक्साइड आणि ऑक्सिजन. गाडीच्या धुराच्या नळीत जे विष असतं ते प्लॅटिनमवर बसून कसं जळतं, हे सगळं बघायचं होतं. टिकलीवर जिथं त्या विषाचे रेणू बसतात तिथं चित्र किंचित काळं पडतं, जिथं ऑक्सिजन बसतो तिथं किंचित उजळ. एका रेणूएवढा थर, आणि तो डोळ्यांना दिसायचा! काळ्या-पांढऱ्याच्या लाटा टिकलीवर फिरायच्या, भोवरे व्हायचे. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी जेवायला जायचं विसरलो होतो.

पण तो फरक इतका बारीक की नुसत्या चित्रात दिसत नाही. म्हणून आधी तापवून स्वच्छ केलेल्या टिकलीचं एक चित्र काढून ठेवतात. त्याला रेफरन्स म्हणायचं. मग पुढच्या प्रत्येक चित्रातून ते वजा करायचं. उरेल तो बदल. आमच्या हुपरीत चांदी तोलताना आधी रिकामी वाटी ठेवून तिचं वजन वजा करतात, तसंच.

आणि या चित्रांमध्ये सरांना बेट सापडलं होतं. टिकलीच्या डाव्या बाजूला एक उजळ डाग, राजगिऱ्याच्या दाण्याएवढा. भोवती लाटा येवोत, जावोत, तो जागचा हलत नव्हता. विषाला दाद न देणारा ऑक्सिजन, असं सर म्हणाले. शोधनिबंध परदेशात छापून आला, वर्तमानपत्रात सरांचा फोटो आला, दिल्लीहून पैसे आले. मग जर्मनीतल्या एका प्रयोगशाळेनं लिहिलं की आम्हाला असं बेट कुठेच दिसत नाही, तुमची मूळ चित्रं पाठवा. म्हणून चौकशीची समिती नेमली गेली.

बोरसे मॅडमनी मला पडद्यावर एक चित्र दाखवलं. राखाडी टिकली. डाव्या बाजूला एक काळपट डाग.

“हा आमचा रेफरन्स,” त्या म्हणाल्या.

“ह्यात डाग कसा? स्वच्छ टिकलीचं असतंय न्हवं हे?”

“तेच तर. स्वच्छ नव्हतीच. आधीच्या प्रयोगातलं कार्बन मोनॉक्साइड तेवढ्या जागेत बसलेलं होतं. काळा डाग वजा केला की काय उरतं?”

मला एका क्षणात कळलं. तोलायच्या आधी वाटीत कुणाचं तरी नाणं पडलेलं होतं, आणि त्यानंतरचं प्रत्येक वजन त्या नाण्यानं चुकत होतं. बेट टिकलीवर नव्हतंच. काळा डाग वजा करून उरलेला तो पांढरा डाग होता, आणि मूळ काळा डाग रेफरन्समध्येच होता म्हणून तो प्रत्येक चित्रात येत होता. हलणार कसा?

“आणि हे तुम्हाला कधीपासनं म्हाईत?”

“महिना झाला. सरांना सांगितलं. म्हणाले, थांब, उत्तर मी लिहितो.”

“हे उत्तर लिहिलं होय त्यांनी! खड्डा!” मी टेबलावर हात आपटला. “अवो, पण रेफरन्स असा घेतलाच कसा तुम्ही? रोज तापवून घेताय की.”

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. “काका, तुम्ही होतात त्या दिवशी. दिल्लीचे पाहुणे यायचे होते.”

आणि मला आठवलं. मी स्टुलावर चढून खिडकीचे नट आवळत होतो. सर घाईघाईत आत आले आणि म्हणाले, रेफरन्स घे लवकर. मॅडम म्हणाल्या, सर, टिकली अजून तापवलेली नाही, आधीचा वायू बसलेला आहे. सर म्हणाले, तेवढ्यानं काय होतंय? घे. आणि आता हाच सगळ्यांना वापर, रोज बदलत बसू नको, चित्रं एकसारखी यायला हवीत. मॅडमनी आणखी एकदा ‘पण सर’ म्हटलं. सरांनी घड्याळ दाखवलं. मॅडमनी बटण दाबलं. माझ्या हातात तेव्हा सोळा नंबरचा पाना होता, एवढं मला आठवत होतं.

“त्या माणसानं सांगितलं तुम्हाला,” मी म्हणालो. “माझ्या कानांनी ऐकलंय.”

“लिहून कुठे दिलंय त्यांनी? मी म्हणणार सरांनी सांगितलं, ते म्हणणार नाही सांगितलं. कुणाचं खरं धरतील?”

“मी हाय की!”

“विचारलं तर सांगाल?”

“विचारलं तर? न विचारता सांगीन. भर समितीत सांगीन. मला काय त्याच्या बापाची भीती हाय?”

त्या पहिल्यांदा हसल्या. मग त्यांनी मला पुढचं शिकवलं. खड्डा नव्हता हे तोंडानं सांगून कुणी ऐकणार नाही, दाखवावं लागेल. भांड्याच्या बाहेर एक मूठ आहे, तिनं टिकली आतल्या आत पाव फेरा फिरवता येते. एकदा जुळवलेलं बिघडायला नको म्हणून त्या मुठीला हात लावायला सरांची बंदी होती. टिकलीच्या कडेला धरायची एक खाच असते, ती चित्रात वरच्या बाजूला दिसते. मूठ फिरवली की खाच उजवीकडे जाईल. बेट जर टिकलीवरचा खड्डा असेल, तर तेही टिकलीबरोबर फिरेल.

“आणि फिरलं नाही, तर तुमचं पॉलिश सुटलं,” त्या म्हणाल्या.

“मग तुमच्यावर येईल की ते.”

“येऊ दे. माझी चूक आहेच. मी बटण दाबायला नको होतं. पण मी एकटीनं केलं असं नको व्हायला, एवढंच. एकटीनं केलं म्हटलं तर पाच वर्षं पाण्यात जातात.”

हे त्या अगदी साधं बोलल्या. मी मान हलवली आणि आम्ही चहाला गेलो.

बुधवारी सरांनी मला जिन्यात गाठलं. “सही?”

“समितीसमोरच देतो, सर. सगळ्यांच्या देखत बरं.”

त्यांना ते आवडलं. त्यांनी माझ्या खांद्यावर थोपटलं. मी घरी जाऊन तो शर्ट धुवायला टाकला.

गुरुवारी अकरा वाजता समिती आली. अध्यक्ष प्राध्यापक वाळिंबे, दुसऱ्या विद्यापीठातून निवृत्त झालेले, अंगानं वाळके, कानात यंत्र. बरोबर आणखी दोघं, ते बहुतेक लिहूनच घेत होते. लॅबमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. बोरसे मॅडम कॉम्प्युटरपाशी, मी भांड्यापाशी, सर मध्ये.

“आमचे टेक्निशियन पोतदार यांना काही कबूल करायचं आहे,” सर म्हणाले.

“कबूल न्हाई,” मी म्हणालो. “दाखवायचं आहे.”

सरांच्या चेहऱ्याचा रंग बघण्यासाठी मी अकरा वर्षं थांबलो होतो असं मला वाटलं. ते म्हणाले, “पोतदार, ही प्रयोगाची वेळ नाही.” पण वाळिंब्यांनी कानातलं यंत्र नीट केलं आणि म्हणाले, “दाखवू द्या. आम्ही बघायलाच आलोय.”

मॅडमनी वायू सोडले. पडद्यावर टिकली आली, वर खाच, डावीकडे बेट, भोवती लाटा. मग मी मुठीला हात घातला.

“त्याला हात लावू नका!” सर उठले.

मी लावला. सावकाश पाव फेरा फिरवला. खाच वरून सरकत सरकत उजवीकडे गेली. बेट होतं तिथंच राहिलं. डावीकडे, तसंच, राजगिऱ्याच्या दाण्याएवढं.

“साहेब,” मी म्हणालो, “खड्डा माझ्या टिकलीवर असता, तर टिकलीबरोबर फिरला असता. ही टिकली फिरली, आणि हा डाग जागच्या जागी. मग हा टिकलीवर आहे का?”

वाळिंबे पडद्याजवळ गेले. चष्मा वर करून त्यांनी बघितलं. मग मॅडमना म्हणाले, “नवीन रेफरन्स घ्या बरं.” मॅडमनी टिकली लाल होईपर्यंत तापवली, थंड होऊ दिली, नवीन चित्र घेतलं, ते वजा केलं, पुन्हा वायू सोडले. लाटा आल्या. बेट नव्हतं.

“पॉलिश निर्दोष आहे,” वाळिंबे म्हणाले. “उत्कृष्ट आहे. पोतदार ना तुम्ही? असं पॉलिश मी बऱ्याच वर्षांत पाहिलं नाही.”

काय सांगू, मला रडू येईल असं वाटलं. मी सरांकडे असं बघितलं की त्यांनी जन्मात विसरू नये.

पण राजाध्यक्ष म्हणजे राजाध्यक्ष. तेवढ्या वेळात त्यांचा चेहरा परत जागेवर आला होता. “बरं झालं,” ते म्हणाले. “एका चांगल्या माणसावर विनाकारण ठपका येत होता. मला स्वतःला वाईट वाटत होतं.” त्यांनी बॅगेतून गुलाबी फाईल काढली आणि गुडघ्यावर उघडली. “साहेब, यांना कायम करायचा प्रस्ताव माझ्याकडे आहे. तुमच्यासमोर आत्ताच शिफारस करून टाकतो. म्हणजे प्रश्न रेफरन्सचा राहतो. तो रोजचं काम करणारे विद्यार्थी घेतात.”

फाईल उघडीच होती. सही अजून व्हायची होती.

वाळिंबे माझ्याकडे वळले. “चुकीचा रेफरन्स ज्या दिवशी घेतला, त्या दिवशी तुम्ही इथं होता?”

“होय, साहेब.”

“कुणी घेतला?”

“बोरसे मॅडमनी.”

“तुम्ही स्वतः बघितलं?”

“होय, साहेब. स्वतः.”

“टिकली तेव्हा साफ केलेली होती?”

“नव्हती.”

लिहून घेणाऱ्यांची पेनं चालली होती. मॅडम माझ्याकडे बघत होत्या, घाबरलेल्या वगैरे मुळीच नव्हत्या. त्या वाट बघत होत्या. आता काका बोलतील म्हणून त्या स्वतः गप्प होत्या.

“आणखी काही सांगायचंय?” वाळिंब्यांनी विचारलं.

मी सरांकडे बघितलं नाही, मॅडमकडेही नाही. मी त्या गुलाबी फाईलकडे बघितलं. माझ्या मनात त्या वेळी कसलाही मोठा विचार नव्हता. शपथेवर सांगतो, मी घाबरलोही नव्हतो. एवढंच वाटलं की आपलं झालं, आता कशाला.

“नाही, साहेब,” मी म्हणालो.

सरांनी सही केली.

मग मॅडम बोलल्या. “सर, मला राजाध्यक्ष सरांनी सांगितलं होतं. मी दोनदा सांगितलं त्यांना की टिकली साफ नाही म्हणून. पोतदारकाका तिथंच होते.”

“सुलक्षणा,” सर म्हणाले, अगदी दुःखानं, “आता असं करू नये.”

वाळिंब्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं. मी भांड्याची मूठ परत जागेवर आणत होतो. ते काम घाईचं नव्हतं, पण मी ते चालू ठेवलं. ते म्हणाले, “यांना विचारलं आपण, आणखी काही नाही म्हणाले.” आणि त्यांनी वही मिटली.

संध्याकाळी पाचच्या सुमाराला मॅडम वर्कशॉपमध्ये आल्या. मी पॉलिशचं कापड धुऊन वाळत घालत होतो. त्या शिव्या देतील अशी माझी अपेक्षा होती आणि त्यांनी द्याव्यात म्हणून मी तयारही होतो, कारण मग मला भांडता आलं असतं. त्या दारातच उभ्या राहिल्या.

“प्रबंध थांबवलाय,” त्या म्हणाल्या. “नोंदणी रद्द करायची शिफारस आहे. सरांचं नाव शोधनिबंधावरून ते स्वतःच मागे घेणार आहेत. विद्यार्थिनीनं फसवलं म्हणून.”

“मी काय खोटं बोललो, मॅडम?” मी एकदम ओरडलो. “बटण तुम्ही दाबलं का न्हाई? सांगा! जे विचारलं त्याचं खरं उत्तर दिलं मी. एक शब्द खोटा बोललो असलो तर जीभ झडू दे माझी!”

“नाही. एक शब्दही खोटा नव्हता.”

“मग?”

“खोटं बोलला असतात तर बरं झालं असतं, काका. खोट्याला उत्तर देता येतं.”

“मग काय करायला पायजे होतं मी? अकरा वर्षं! बावीस ऑर्डरी! तुमचं काय, तुम्ही शिकलेल्या, तुम्हाला धा नोकऱ्या मिळतील. मला कोण देतंय? सांगा की, काय करायला पायजे होतं?”

त्यांनी जरा विचार केला, जणू मी खरंच विचारत होतो.

“पुढचं वाक्य बोलायचं होतं,” त्या म्हणाल्या. “एकच होतं.”

आणि गेल्या. मी हातातलं मखमलीचं ओलं कापड भिंतीवर फेकून मारलं. मग उचलून परत धुतलं, कारण त्याला धूळ लागली तर दुसऱ्या दिवशी टिकलीवर चरे पडले असते.

या गोष्टीला एकोणीस वर्षं झाली. कायम झाल्यावर सांगू, असं मी तेव्हा ठरवलं होतं. कायम झालो तर दोन वर्षांचं प्रोबेशन निघालं. प्रोबेशन संपलं तोवर राजाध्यक्ष संचालक झाले होते आणि वाळिंबे गेले होते. त्यानंतर सांगायला कुणी उरलं नाही, असं मी म्हणतो. खरं म्हणजे उरले होते, पुष्कळ उरले होते. बोरसे मॅडम धुळ्याला एका शाळेत शिकवतात असं कुणीतरी सांगितलं. मी पत्ता मागितला नाही. मला त्यांचाही राग येतो. एवढ्या शांतपणे बोलायची काय गरज होती? चार शिव्या घातल्या असत्या तर फिटलं असतं सगळं, आणि मी मोकळा झालो असतो. म्हणूनच घातल्या नसतील.

कायम झाल्याची ऑर्डर हातात पडली त्या दिवशी बायकोनं अख्ख्या चाळीत पेढे वाटले. माझी आई हुपरीहून आली होती, तिनं मला ओवाळलं. पोरांनी नवीन कपडे घातले होते. मी पाटावर बसलो होतो आणि कुणी काही बोललं की त्याच्या अंगावर जात होतो. पेढा कडक आहे म्हणून ओरडलो. निरांजन विझलं म्हणून ओरडलो. धाकटा हसला म्हणून त्याला एक ठेवून दिली. शेवटी बायकोनं ताट खाली ठेवलं.

“आवो, आज तरी कुणावर चिडलाय एवढं?” ती म्हणाली.

“राजाध्यक्षावर,” मी म्हणालो.

तेही खरंच होतं.